दारातले अक्षर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर कांदेपोह्यांच्या बशांशेजारी तीन कागद मांडले होते. माझ्या पुतणीने चांगली नोकरी सोडली आहे. दुकानांच्या पाट्या, खोकी, पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे यांची चित्रे करून देण्याचा स्वतःचा व्यवसाय ती सुरू करते आहे. त्यासाठी तिने बँकेचे कर्ज काढले, मागची खोली रिकामी केली, आणि आता बोधचिन्ह ठरवायचे होते. कलाशाळेतल्या चार जुन्या सोबत्यांना तिने मत द्यायला बोलावले होते.

मते मिळाली. एकाला त्या चिन्हात औषधाच्या दुकानाची खूण दिसली. दुसरीने कागद लांब धरला आणि हे नखाएवढे छापले की आतली जागा शाईने बुजेल, असे सांगितले. तिसरा म्हणाला, छान आहे, पण हे तुझे वाटत नाही. चौथ्याने पोह्यांची दुसरी बशी घेतली आणि सगळेच सुंदर आहे म्हणून मोकळा झाला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मीही, छान आहे गं, असे म्हणून टाकले. संध्याकाळी बशा विसळताना तिने मला विचारले, काका, लोकांचे ऐकायचे तरी किती? सगळ्यांचे ऐकले तर ते माझे चिन्ह कसे राहील?

माझे आयुष्य छापखान्यात गेले, त्यामुळे असल्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नसते. पण मला एका माणसाची आठवण झाली. पाचशे वर्षांपूर्वी त्याने असाच घरगुती धंदा थाटला होता, आणि त्याचे दोन अक्षरांचे चिन्ह आजही जगभर ओळखले जाते. त्याचे नाव आल्ब्रेख्त ड्यूरर.

ड्यूररचा जन्म 21 मे 1471 रोजी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात झाला. अठरा भावंडांतला तो तिसरा. त्यांतली तिघेच मोठी होऊन जगली, यावरून त्या काळच्या घराची कल्पना यावी. वडील सोनार. ते मूळचे हंगेरीतले, आयतोश नावाच्या गावचे. हंगेरियन भाषेत आयतो म्हणजे दार. जर्मनीत आल्यावर त्यांनी गावाच्या नावाचे भाषांतर केले आणि दाराला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्यावरून आडनाव घेतले. घराण्याच्या ढालीवरही उघडे दार काढलेले होते. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने हे कुटुंब दारवेकर किंवा दरवाजे म्हणायला हरकत नाही!

मुलगा वडिलांच्या हाताखाली सोनारकाम शिकला. तेराव्या वर्षी त्याने आरशात पाहून चांदीच्या टोकाच्या लेखणीने स्वतःचे चित्र काढले. ते 1484 सालचे चित्र आजही व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. चांदीची रेघ खोडता येत नाही; ती चुकली की चुकली. त्या पोराचा हात किती स्थिर असेल, हे छपाईचे ब्लॉक कोरणाऱ्यांना सांगायला नको. पुढे मुलाने चित्रकार व्हायचे ठरवले, तेव्हा शिकवण्यात गेलेली वर्षे वाया गेली म्हणून वडील हळहळले. तरी 1486 साली त्यांनी त्याला मिखाएल वोल्गमुट या चित्रकाराकडे तीन वर्षे उमेदवारीला ठेवले. या कारखान्यात पुस्तकांसाठी लाकडी ठसेही होत. शिवाय मुलाचा धर्मपिता आंतोन कोबर्गर हा त्या काळचा बडा मुद्रक आणि प्रकाशक. सोन्याची आणि छपाईच्या शाईची, अशा दोन्ही विद्या त्याला घराच्या उंबरठ्यावरच भेटल्या.

उमेदवारी संपल्यावर देशाटन करायची तिकडे रीत होती. ड्यूरर 1490 मध्ये निघाला. त्याला कोलमारला जाऊन मार्टिन शोनगाउअर या तांब्यावर कोरीवकाम करणाऱ्या उस्तादाला भेटायचे होते. तो 1492 मध्ये तिथे पोचला, तेव्हा शोनगाउअरला जाऊन वर्ष उलटले होते. त्याच्या भावांनी पाहुण्याचे आगतस्वागत केले. ज्याला काम दाखवायचे तो माणूसच निघून गेलेला. आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला हे आलेले असते. मात्र शोनगाउअर आपल्या प्रत्येक छापचित्राखाली नावाची दोन आद्याक्षरे घालत असे, ती ड्यूररच्या डोळ्यांखालून गेलेली होती.

1494 च्या जुलैत त्याचे आग्नेस फ्राय हिच्याशी लग्न झाले आणि शरदातच तो इटलीकडे गेला. परतल्यावर, 1495 मध्ये, त्याने न्यूरेंबर्गला स्वतःचा कारखाना सुरू केला. तेव्हा त्याचे वय चोवीस होते.

आता चिन्हाकडे येऊ. सोनाराच्या मुलाला मोहोर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दागिन्यावर घडवणाऱ्याचा शिक्का असलाच पाहिजे, नाहीतर मालाची हमी कोण देणार? हाच न्याय ड्यूररने कागदाला लावला. सुरुवातीच्या तांब्यावरच्या एका चित्रात ए हे रोमन अक्षर मोठे आणि डी हे अक्षर धाकट्या लिपीतले दिसते. नंतर चिन्ह बदलले. ए रुंद झाला, त्याचे पाय फाकले, माथ्यावर आडवी पट्टी आली आणि मोठा डी त्याच्या दोन पायांमध्ये जाऊन बसला. नीट पाहिले तर ती एक चौकट आहे. घराण्याचे दारच ते, आणि दारात उभे असलेले आडनाव. एकही जादा रेघ नाही. नखाएवढे केले तरी बुजत नाही, आणि कुठल्याही लाकूडकोऱ्याला ते सहज कोरता येते.

चिन्ह नुसते सुंदर असून चालत नाही, ते फिरावे लागते. 1497 मध्ये ड्यूररने गावोगाव जाऊन चित्रे विकणारा माणूस करार करून नेमला. 1498 मध्ये त्याने बायबलमधल्या जगबुडीच्या प्रकरणावर पंधरा मोठ्या लाकूडठशांचे पुस्तक काढले आणि ते स्वतःच प्रकाशित केले. दोन वर्षांनी येणाऱ्या 1500 सालाची लोकांना धास्ती होती, त्यामुळे विषय अचूक निवडला होता. प्रत्येक चित्रावर ती दोन अक्षरे होती. पुढे आग्नेस फ्रांकफुर्टच्या जत्रेत बसून छापचित्रे विकी, आणि सासूबाई न्यूरेंबर्गच्या बाजारात. त्या दोघींची नावे चिन्हात नाहीत. पण चिन्ह घरोघर पोचवले ते त्यांनीच, हे विसरून चालणार नाही.

इतके नाव झाल्यावर दुसरा कुणी गावातच राहून कौतुक ऐकत बसला असता. ड्यूरर 1505 मध्ये पुन्हा व्हेनिसला गेला, म्हणजे जिथे परीक्षक सर्वांत कडक तिथे. तिथून त्याने आपला विद्वान मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याला पाठवलेली दहा पत्रे उरली आहेत. घरच्या तक्रारी, उधारी, थट्टामस्करी, सगळे त्यांत आहे. व्हेनिसच्या चित्रकारांनी त्याला सुखाने राहू दिले नाही. त्यांच्या संघटनेने त्याला तीनदा अधिकाऱ्यांपुढे खेचले आणि चार फ्लोरिन भरायला लावले. त्याची चित्रे ते चर्चमध्ये उतरवून घेत आणि वर ती प्राचीन वळणाची नाहीत म्हणून नावे ठेवत. हा कोरणारा बरा आहे, पण रंग त्याला हाताळता येत नाहीत, असाही बोलबाला त्यांनी केला. या लोकांबरोबर खाऊपिऊ नकोस, असे स्नेह्यांनी त्याला बजावले होते.

एकच माणूस वेगळा निघाला. वृद्ध जोवान्नी बेलिनी हा व्हेनिसचा सर्वांत मानाचा चित्रकार. त्याने चारचौघांत, उमरावांसमोर ड्यूररची तारीफ केली, आणि घरी येऊन, दाम देऊन चित्र मागितले. खरा मोठा माणूस धाकट्याच्या कामाला दाद देताना हिशेब करत नाही.

मला यातली मौज ही वाटते की ड्यूररने या दोन तऱ्हांच्या मतांची सरमिसळ केली नाही. मत्सर त्याने ओळखला. पण मत्सरी माणसाच्या बोलण्यातही तथ्य असू शकते, हेही ओळखले. अकरा वर्षांपूर्वी इथे जे आवडले होते ते आता आवडत नाही, अशी कबुली त्याने मित्राला दिली. आणि रंगांच्या आरोपाला त्याने रंगांनीच उत्तर दिले. व्हेनिसमधल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या चर्चसाठी त्याने गुलाबहारांच्या उत्सवाचे मोठे चित्र 1506 मध्ये पुरे केले. खुद्द व्हेनिसचा अधिपती ते पाहायला आला. टीकाकारांची तोंडे बंद झाली, हे मित्राला कळवताना ड्यूररला झालेला आनंद लपलेला नाही. चित्राच्या एका कडेला त्याने स्वतःला उभे केले आहे, हातात नाव लिहिलेला कागद घेऊन. हे चित्र आता प्रागमध्ये आहे.

चिन्हाला किंमत आली की चोरही येतात. मार्कान्तोनियो राइमोंदी या इटालियन कोरणाऱ्याने ड्यूररच्या मेरीच्या जीवनावरील लाकूडठशांच्या नकला तांब्यावर केल्या, त्या दोन अक्षरांसकट. ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे दाद मागितली आणि चित्रे नाही तरी चिन्ह वापरायची मनाई मिळवली, असे वासारीने नंतर लिहून ठेवले आहे. न्यूरेंबर्गच्या नगरसभेचा जानेवारी 1512 चा ठराव मात्र नोंदलेला आहे. नगरगृहासमोर खोटी अक्षरे घातलेली चित्रे विकणाऱ्या एका परक्याला ती अक्षरे काढायला सांगितली गेली, नाहीतर माल जप्त होणार होता. आज ज्याला आपण व्यापारचिन्हाचा हक्क म्हणतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक मानायला हवा.

पण तपासणारा कुणी नसला की काय होते, हेही ड्यूररच्याच चित्रात दिसते, आणि त्या कथेचे एक टोक आपल्या गोव्यात आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरला एक गेंडा भेट दिला. त्याने तो गोव्याहून जहाजावर चढवून आपल्या राजाकडे रवाना केला आणि मे 1515 मध्ये तो लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गला त्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाटन पोचले. तेवढ्यावर ड्यूररने आपला प्रसिद्ध गेंडा काढला. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि मानेमागे एक जास्तीचे शिंग! गेंडा पाहिलेला एकही माणूस त्या गावात नव्हता. खंबायतच्या किंवा गोव्याच्या बंदरातल्या एखाद्या हमालाने ती चूक पाहताक्षणी दाखवली असती. दोनशेहून अधिक वर्षे युरोपातल्या पुस्तकांत ते जादा शिंग छापले जात राहिले.

उतारवयात ड्यूररला मान भरपूर मिळाला. रोमहून राफाएलने आपल्या हाताची ओळख म्हणून त्याला रेखाटने पाठवली. ऑगस्ट 1520 मध्ये अँटवर्पच्या चित्रकारांनी त्याला आणि आग्नेसला आपल्या सभागृहात मेजवानी दिली आणि रात्री मशाली घेऊन मुक्कामावर पोचवले. ज्या व्यवसायबंधूंनी व्हेनिसमध्ये दंड भरायला लावला, त्याच बिरादरीने पुढे उजेड धरला. 1525 मध्ये त्याने भूमितीचे पुस्तक काढले. रोमन अक्षरे पट्टी आणि कर्कटकाने कशी बांधावीत आणि उंच भिंतीवरची अक्षरे खालून सारखी दिसावीत म्हणून वर किती मोठी करावीत, हे त्यात आहे. पाट्या रंगवणाऱ्यांनी आजही वाचावे असे ते आहे. 6 एप्रिल 1528 रोजी, सत्तावन्न वर्षे पुरी व्हायच्या आत, तो गेला.

त्याच्या लिखाणातला एक सल्ला मी पुतणीला माझ्या शब्दांत सांगितला. आपले काम सगळ्यांसमोर मोकळेपणाने ठेवावे. लोक बहुधा त्यातले वाईट तेवढे दाखवतात आणि चांगले सोडून देतात, याचे वाईट वाटून घेऊ नये. ते खरे बोलत आहेत असे आपल्याला पटले, तर काम सुधारते. न शिकलेल्यालाही चूक दिसते. ती दुरुस्त कशी करायची हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते आपले काम.

हे मला पटते, कारण मी किंमत मोजली आहे. 1979 मध्ये मी छोटा छापखाना काढला. त्याच्या नावातले पहिले अक्षर घ होते. त्याचे चिन्ह मी स्वतः काढले, डोक्यावरची रेघ नाजूक ठेवली आणि कौतुकाने कुणालाच न दाखवता ब्लॉक करून घेतला. स्वस्त कागदावर ती रेघ तुटायची. पाचशे पत्रके छापून झाल्यावर पेपर टाकणाऱ्या मुलाने ते नाव मोठ्याने वाचले, आणि पहिलेच अक्षर ध वाचले. जन्मभर दुसऱ्यांची प्रुफे तपासणारा मी; पण स्वतःचे प्रूफ स्वतःला कधी दिसत नाही.

एवढे सांगून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. त्या सकाळी मीही पोहे खाणाऱ्या चौथ्याच्या रांगेत बसलो होतो. मी पुतणीला ते कागद पुन्हा आणायला सांगितले, चष्मा काढला आणि हात लांब करून पाहिले. औषधाच्या दुकानाचे मला पटले नाही, तसे सांगितले. जागा बुजेल हे पटले. आणि मधल्या कागदावरचे अक्षर उजवीकडे कलते आहे, हे मला सकाळीच दिसले होते, पण मायेपोटी बोललो नव्हतो, हेही सांगितले.

तिने पट्टी आणली, अक्षराला लावून पाहिली, आणि काही न बोलता मागच्या खोलीत गेली. रात्री साडेअकरापर्यंत त्या खोलीतला दिवा चालू होता.