सगळ्यात वाईट टीमला सगळ्यात आधी चान्स : एनएफएलमध्ये ड्राफ्ट आणणाऱ्या बर्ट बेलची गोष्ट

एप्रिल महिना आला की अमेरिकेत एक अजब गोष्ट बघायला मिळते. ज्या फुटबॉल टीमनं वर्षभर नुसता मार खाल्लाय, तिचेच फॅन्स सगळ्यात जास्त खुशीत असतात. अंगात टीमची जर्सी, तोंडाला रंग, आणि यंदा आपलं नशीब फिरणार याची शंभर टक्के खात्री. २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या आसपास लोक जमले होते. कशासाठी? तर स्टेजवर एक माणूस येणार आणि कॉलेजात खेळणाऱ्या पोरांची नावं वाचून दाखवणार, एवढ्यासाठी. मॅच नाही, बॉल नाही, काही नाही.

याला म्हणतात एनएफएलचा ड्राफ्ट.

आता हा फुटबॉल म्हणजे आपला मेस्सी-रोनाल्डोवाला नाही. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट अंड्यासारखा बॉल, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर येणारी दीडशे किलोची माणसं. आणि ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलावही नाही. इथं नव्या पोरावर बोली लागत नाही. मागच्या सीझनला जी टीम तळाला राहिली तिला कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंमध्ये पहिली निवड मिळते, तिच्या वरच्या टीमला दुसरी, आणि चॅम्पियनचा नंबर सगळ्यात शेवटी. आज ३२ टीम्स आहेत आणि अशा सात फेऱ्या होतात. कुणाला उचलायचं हे ठरवणारी जी सूटबूटवाली मंडळी असतात, म्हणजे जनरल मॅनेजर, स्काउट वगैरे, त्यांना फ्रंट ऑफिस म्हणतात. टीम जिंकली की खेळाडूंचं कौतुक, हरली की फ्रंट ऑफिसला शिव्या, हा तिकडचा रिवाज.

तर हरणाऱ्याला आधी द्या ही आयडिया ज्याच्या डोक्यातून निघाली तो माणूस स्वतः हरण्यात एकदम तज्ज्ञ होता. त्याचं नाव बर्ट बेल.

पूर्ण नाव डी बेनव्हिल बेल. जन्म २५ फेब्रुवारी १८९५, फिलाडेल्फिया. घराणं असं की पैसा आणि ओळख दोन्हीला तोटा नाही. वडील जॉन बेल पेनसिल्व्हेनिया राज्याचे अॅटर्नी जनरल झाले. थोरला भाऊ पुढे १९ दिवसांसाठी का होईना पण राज्याचा गव्हर्नर झाला आणि नंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती. अशा घरात असलं जड नाव मिरवायला काहीच हरकत नव्हती, पण या गड्यानं स्वतःला बर्ट म्हणवून घेतलं आणि आयुष्यभर बर्टच राहिला.

शिक्षण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, म्हणजे लोक ज्याला पेन म्हणतात तिथं. वडीलही तिथलेच फुटबॉलपटू, त्यामुळं दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. बर्ट क्वार्टरबॅक खेळायचा. १ जानेवारी १९१७ ला पेनची टीम रोझ बोलला पोहोचली, तिथं ओरेगॉनकडून १४-० नं हरली. मग पहिलं महायुद्ध आलं. बर्ट हॉस्पिटल युनिटमधून फ्रान्सला गेला, परत आला, १९१९ ला टीमचा कॅप्टन झाला आणि डिग्री न घेताच कॉलेजमधून बाहेर पडला.

पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे बड्या बापाच्या पोरानं जे काही करायचं ते सगळं. दिवसा पेनच्या टीमचा असिस्टंट कोच, बाकी वेळ रेसचे घोडे, पत्ते आणि दारू. १९२९ ला शेअर बाजार कोसळला तेव्हा याचे पन्नास हजार डॉलर बुडाले. मग फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात मॅनेजरकी केली.

गाडी रुळावर आणली ती फ्रान्सिस अप्टननं. फ्रान्सिस ब्रॉडवेच्या रंगभूमीवरची नावाजलेली अभिनेत्री. तिच्या प्रेमात पडल्यावर बेलनं १९३२ च्या सुमारास दारू सोडली आणि सोडली ती सोडलीच. जानेवारी १९३४ मध्ये दोघांचं लग्न झालं. पण त्याच्या आधीच एक मोठा व्यवहार झाला होता. १९३३ ला बेल आणि त्याचा जुना मित्र लड रे यांनी फिलाडेल्फियासाठी एनएफएलची फ्रँचायझी घेतली. प्रवेश फी अडीच हजार डॉलर. बेलच्या वाट्याचे पैसे कुठून आले? फ्रान्सिसनं उसने दिले.

तेव्हा महामंदी चालू होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं उद्योग सावरायला जी योजना काढली होती, तिचं चिन्ह होतं निळा गरुड. दुकानादुकानात तो गरुड लागलेला असायचा. बेलनं तेच बघून टीमचं नाव ठेवलं फिलाडेल्फिया ईगल्स.

ईगल्सनं आयुष्यातली पहिलीच मॅच न्यूयॉर्क जायंट्सकडून ५६-० नं हरली.

त्या काळची एनएफएल आज आहे तशी नव्हती. खरी क्रेझ कॉलेज फुटबॉलची. व्यावसायिक टीम्स उगवायच्या आणि बुडायच्या. नियम सरळ होता, कॉलेजमधून बाहेर पडलेला चांगला खेळाडू ज्याला जास्त पैसे देता येतील त्याचा. मग तो जाणार कुठं? शिकागो बेअर्सकडे, न्यूयॉर्क जायंट्सकडे, ग्रीन बे पॅकर्सकडे. म्हणजे जिथं तिकिटं खपतात तिथं. तिकिटं खपतात म्हणून चांगले खेळाडू, चांगले खेळाडू म्हणून तिकिटं. या चक्रात ईगल्ससारख्या टीमला शिरायला जागाच नव्हती. बेल स्वतः तिकिटं विकत फिरायचा आणि तरी मैदान रिकामं राहायचं.

ठिणगी पडली स्टॅन कोस्तका नावाच्या खेळाडूवरून. मिनेसोटा विद्यापीठाच्या अजिंक्य टीममधला हा फुलबॅक. त्याला घ्यायला बेलनं जिवाचा आटापिटा केला, पण कोस्तका या मालकाची ऑफर त्या मालकाला दाखवत भाव वाढवत राहिला आणि शेवटी ब्रुकलिनच्या टीमकडे गेला. बेलच्या लक्षात आलं की असंच चालू राहिलं तर आपण कधीच जिंकणार नाही. आणि आपण कधीच जिंकणार नसू तर लोक आपल्याला बघायला तरी का येतील?

मे १९३५ मध्ये पिट्सबर्गला मालकांची बैठक भरली. बेलनं प्रस्ताव मांडला की कॉलेजच्या खेळाडूंची एक यादी करू, तळाची टीम आधी निवडेल, आणि एकदा एका टीमनं निवडलेल्या पोराशी बाकीच्यांनी बोलणी करायची नाहीत. त्याचं म्हणणं असं होतं की लीग म्हणजे साखळी आहे आणि ती तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच मजबूत असते. आता यात नुकसान कोणाचं? तर बेअर्सचे जॉर्ज हलास आणि जायंट्सचे टिम मारा यांचं. पण त्या दोघांनीही होकार दिला आणि प्रस्ताव एकमतानं पास झाला.

मला इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा किस्सा नेहमी श्रीमंत मालकांच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती अर्धीच खरी आहे. दुसरी बाजू अशी की या एका ठरावानं खेळाडूच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं. कोस्तकासारखी दोन मालकांमध्ये झुंज लावून द्यायची सोय संपली. ज्यानं निवडलं त्याच्याशीच बोला, नाहीतर घरी बसा. पगार आटोक्यात राहणार म्हटल्यावर मालकांना मोठं मन दाखवणं सोपंच होतं. आणि ही समानता होती तीसुद्धा मालकामालकांतली. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ड्राफ्टमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचं नाव यायला १९४९ उजाडलं.

पहिला ड्राफ्ट झाला ८ फेब्रुवारी १९३६ ला, बेलच्या जुन्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात. नऊ टीम्स, नऊ फेऱ्या, फळ्यावर ९० नावं. स्काउट नावाचा प्रकार जवळपास नव्हताच. पेपरात वाचलेलं, कोणा ओळखीच्या कोचनं सांगितलेलं, एवढ्यावर काम चालायचं. आधीच्या सीझनला ११ पैकी फक्त २ मॅच जिंकून ईगल्स तळाला होती, त्यामुळं पहिली निवड तिची. बेलनं घेतला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर, म्हणजे ज्याला पुढे हाइझमन म्हणून गाजलेली ट्रॉफी सगळ्यात आधी मिळाली तो त्या वर्षीचा सगळ्यात मोठा स्टार.

आता टीमचं नशीब उघडलं म्हणायचं ना?

तर बर्वँगरनं मागितलेले पैसे बेलला परवडेनात. त्यानं त्याचे हक्क हलासच्या बेअर्सना देऊन टाकले. तिथंही सौदा जमला नाही. बर्वँगर फोम रबर विकायच्या नोकरीला लागला आणि एनएफएलची एकही मॅच खेळला नाही. ईगल्सनं त्या दिवशी नऊ पोरं निवडली होती. त्यातला एकही टीममध्ये आला नाही.

पुढचा सीझन? १२ मॅच, १ विजय, ११ पराभव.

तोवर टीम लिलावात निघाली होती. बेलनं साडेचार हजार डॉलर देऊन ती एकट्याच्या नावावर केली. लड रे कमी पगारावर कोच राहायला तयार नव्हता, म्हणून बेल स्वतःच कोच झाला. मालक तोच, कोच तोच, तिकीट विकणाराही तोच. आजच्या भाषेत अख्खं फ्रंट ऑफिस एका खुर्चीत. कोच म्हणून त्याचा एकूण हिशोब १० विजय, ४६ पराभव आणि २ बरोबरी असा आहे. १९३९ ला त्यानं डेव्ही ओ'ब्रायन हा हाइझमन विजेता क्वार्टरबॅक घेतला. तो छान खेळला, पण दोनच सीझन. मग खेळ सोडून एफबीआयमध्ये भरती झाला.

ड्राफ्टचा फायदा लगेच दिसलाही नाही. १९३६ पासून १९४६ पर्यंतची जवळपास सगळी विजेतेपदं पॅकर्स, बेअर्स, जायंट्स आणि रेडस्किन्स यांनीच वाटून घेतली. पण पोरं हळूहळू वाटली जात होती. ईगल्सला १९४४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीव्ह व्हॅन ब्युरेन मिळाला आणि त्याच्या जोरावर टीम १९४८ आणि १९४९ ला सलग दोनदा चॅम्पियन झाली.

तेव्हा बेल कुठं होता? ईगल्समध्ये नव्हता. १९४०-४१ मध्ये पिट्सबर्गच्या आर्ट रूनीबरोबर त्यानं मोठा गमतीचा व्यवहार केला. रूनीनं आपली टीम अॅलेक्सिस थॉम्पसन नावाच्या तरुण उद्योगपतीला विकली, ईगल्समध्ये निम्मा वाटा घेतला आणि मग थॉम्पसनबरोबर शहरांचीच अदलाबदल केली. बेल झाला पिट्सबर्ग स्टीलर्सचा भागीदार. तिथंही पहिल्या दोन मॅच कोच म्हणून हरला आणि रूनीनं समजूत घातल्यावर कोचिंग सोडलं.

जानेवारी १९४६ मध्ये मालकांनी त्याला लीगचा कमिशनर केलं, आणि इथं मात्र हा माणूस चालला. डिसेंबरमध्येच फायनलच्या आधी जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचं उघड झालं. दोघांनी पैसे घेतले नव्हते, पण कळवलंही नव्हतं. बेलनं दोघांनाही बेमुदत बाहेर काढलं. जन्मभर रेस खेळलेल्या माणसाला सट्टेबाज कुठून आत शिरतो हे पक्कं ठाऊक होतं. कोण जखमी आहे ही माहिती सगळ्यांना मिळाली पाहिजे हा आग्रह त्याचाच.

सीझनचं वेळापत्रक तो घरी जेवणाच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बनवायचा. त्यातही युक्ती होती. सुरुवातीला कच्च्या टीम्सची गाठ कच्च्या टीम्सशी घालायची, म्हणजे अर्धा सीझन गेला तरी कोणाचेच फॅन्स आशा सोडत नाहीत. कुठल्याही रविवारी कुठलीही टीम कोणालाही हरवू शकते, हे तो सारखं बोलून दाखवायचा आणि ते खरं व्हावं म्हणून खटपट करायचा. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनएफएल मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी बेलनं मालकांची नाराजी पत्करून खेळाडूंच्या युनियनला मान्यता दिली.

१९४७ पासून ड्राफ्टमध्ये एक बोनस निवडही आली होती. चिठ्ठ्या टाकायच्या, नाव निघेल त्या टीमला पहिला नंबर. डिसेंबर १९४८ मध्ये चिठ्ठी कोणाची निघाली? दोनच दिवसांपूर्वी चॅम्पियन झालेल्या ईगल्सची! त्यांनी घेतला चक बेडनारिक. बेलच्याच पेन विद्यापीठाचा.

११ ऑक्टोबर १९५९. फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन फील्ड, जिथं बेल कॉलेजात असताना खेळला होता. मॅच ईगल्स विरुद्ध स्टीलर्स, म्हणजे एके काळी त्याच्या असलेल्या दोन्ही टीम्स. कमिशनर असूनही तो बड्या मंडळींत न बसता साध्या प्रेक्षकांमध्ये बसला होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय ६४. ती मॅच ईगल्सनं २८-२४ नं जिंकली.

पुढच्या वर्षी, २६ डिसेंबर १९६० ला, त्याच मैदानावर फायनल झाली. ईगल्स १७, पॅकर्स १३. शेवटच्या सेकंदांना पॅकर्सचा जिम टेलर गोललाइनकडे निघाला होता. त्याला आडवा पाडून घड्याळ संपेपर्यंत ज्यानं उठू दिलं नाही, तो ३५ वर्षांचा चक बेडनारिक होता.