पायी निघालेल्या पंडिता

आपल्या खराडीहून मुळा-मुठा ओलांडली आणि सोलापूरच्या बाजूची रेल्वे धरली, की दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. पण रमाबाई तिथवर आल्या कशा, हे नकाशावर बोटानं बघायचं म्हटलं तर बोटच दमेल!

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळी रागावली होती. रमा लहान असतानाच सगळं कुटुंब पायी तीर्थयात्रेला निघालं. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. शाळा कुठली? आई लक्ष्मीबाईच पाठ घ्यायची.

पुढे दुष्काळ पडला. १८७४ साली वडील उपासमारीनं गेले, पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला चौथा माणूस मिळेना, म्हणून रमाबाईंनीच खांदा दिला. उंची कमी पडली, तेव्हा दांडा डोक्यावर घेतला. मोठी बहीणही गेली. मग रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास थेट काश्मीरपर्यंत चालत गेले. पांघरूण नव्हतं. एकदा थंडी सोसेना, तेव्हा नदीकाठी खड्डे खणून दोघं गळ्यापर्यंत वाळूत पुरून झोपली. हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. भाऊ वारला, लग्न झालं, दोन वर्षांत पतीही वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं ख्रिस्ती झाल्या, त्यावरून पुण्यात फार गदारोळ उठला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. दोन वर्षांहून अधिक काळ तो देश हिंडून त्यांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, ते १८८९ मध्ये निघालं. तिथल्या बायकांच्या शिक्षणाचं कौतुक केलं, पण काळ्या माणसांना कसं वागवतात तेही लपवलं नाही.

त्याच वर्षी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी भुकेल्या मुली गोळा करून आणल्या. भूक काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. केडगावच्या माळावर विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. मनोरमा १९२१ मध्ये गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाईही गेल्या, तिथंच, केडगावात.