जमशेटजी टाटा : दोन गिरण्यांची कथा

विद्यार्थी मित्रहो, जमशेटजी टाटा हे नाव वाचताच तुमच्या डोळ्यांसमोर जमशेदपूरचा पोलाद कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल उभे राहत असेल. यांपैकी केवळ हॉटेल त्यांच्या हयातीत, 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. उरलेली दोन्ही कामे त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांनी पूर्ण केली. ती माणसे कशी घडली, हा प्रश्न चरित्राच्या अभ्यासकाने अवश्य विचारावा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण पोलाद तूर्त बाजूला ठेवू आणि त्यापूर्वीच्या दोन कापडगिरण्यांकडे वळू.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार मांडला होता. एल्फिन्स्टनमधील शिक्षण संपवून जमशेटजी त्या व्यापारात आले, तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. अमेरिकेचा कापूस थांबल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि मुंबईचा बाजार पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. त्या वेळी सव्वीस वर्षांचे जमशेटजी लंडनमध्ये होते, आणि त्यांच्याजवळच्या हुंड्यांना कागदापलीकडे किंमत उरली नव्हती. ते धनकोंना टाळत फिरले नाहीत. त्यांनी पेढीची खरी स्थिती धनकोंपुढे मांडली. धनकोंनी हिशेब मिटवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. इकडे वडिलांनी देणी भागवण्यासाठी मुंबईतील राहते घर विकले. वाईट बातमी लवकर आणि पूर्ण सांगावी, हा धडा त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकवला नव्हता.

पुढे चिंचपोकळीची एक दिवाळे निघालेली तेलगिरणी घेऊन तिची त्यांनी कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकली. लँकेशायरचा वस्त्रोद्योग त्यांनी जवळून अभ्यासला. मग 1874 मध्ये नव्या कंपनीची स्थापना करून गिरणीसाठी त्यांनी नागपूर निवडले. मुंबई सोडून नागपूर का, असे त्या काळी अनेकांनी विचारले. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा आवाक्यात आणि कापडाला आसपासच बाजारपेठ, हा त्यांचा हिशेब होता. गिरणीची जागा जुम्मा तलावालगतची, दलदलीची होती. ती भरून काढताना पाहून एका स्थानिक सावकाराने, हा गृहस्थ जमिनीत सोने पुरत आहे, असे म्हणून भांडवल द्यायचे नाकारले. पुरलेल्या सोन्यातून सोनेच निघाले, अशी कबुली त्याने पुढे दिल्याचे सांगतात.

1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. सुमारे तीस हजार चात्या आणि 450 माग असा तिचा पसारा होता. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांची निवड केली. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सुताचा आणि त्यांचा संबंध नव्हता. ही निवड अनेकांना धाडसाची वाटली असणार. आरंभ वाईटच झाला. स्वस्तात घेतलेली यंत्रे निकृष्ट निघाली, मालाचा दर्जा घसरला आणि कंपनीच्या समभागाची किंमत दर्शनी किमतीच्या खाली गेली. अशा वेळी मालक काय करतो ते तुम्ही तुमच्या कामाच्या ठिकाणी पाहिले असेल: नवख्या व्यवस्थापकावर खापर फोडले जाते. जमशेटजींनी यंत्रे बदलली, व्यवस्थापक कायम ठेवला. बेझनजी पुढे त्या गिरणीचा कणा ठरले. चुकीची जबाबदारी जिथली तिथे ठेवल्यामुळे हाताखालच्या माणसांना नवे करून पाहण्याचे धैर्य आले. रिंग चात्यांबद्दल खुद्द लँकेशायरमध्ये शंका होती. त्या काळात, 1883 च्या सुमारास, नागपुरात त्या आणून चालवून पाहिल्या गेल्या आणि यशस्वी ठरल्या.

आता कामगारांकडे पाहू. गिरणीत खाडे फार होत. शंभरातले ऐंशी कामगार हजर असले तरी तो दिवस बरा मानला जाई. सणावारी आणि पगारानंतर संख्या आणखी घटे. कामगार मुळातच आळशी आहे, हे त्या काळच्या मालकवर्गाचे ठरलेले निदान होते आणि दंड हे ठरलेले औषध. जमशेटजींनी वेगळा प्रश्न विचारला: या इमारतीत माणसाने रोज का यावे? उष्ण, कोंदट खात्यांत हवा खेळती राहावी आणि तिच्यात योग्य ओलावा असावा म्हणून यंत्रणा बसवली. आग लागल्यास आपोआप पाणी फवारणारे नळ छताला जोडले. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. 1895 पासून अपघातग्रस्तांना भरपाई मिळू लागली. असा भरपाईचा कायदा देशात 1923 मध्ये झाला, हे लक्षात घ्या. बक्षीससमारंभ होत, चांगल्या कामगारांना घड्याळे आणि कापड मिळे. पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीची विद्या शिकवली जाई.

हे सारे केवळ दयाबुद्धीने झाले, असे मानण्याचे कारण नाही. सुटणारा धागा आणि रिकामा माग यांचा तोटा जमशेटजींना नेमका कळत होता. आणि त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होती: त्या काळच्या इतर गिरण्यांप्रमाणे येथेही कामाचा दिवस प्रदीर्घच राहिला.

या मनुष्यबळाची खरी कसोटी नागपुरात लागली नाही, ती कुर्ल्यात लागली. 1886 मध्ये जमशेटजींनी बुडालेली धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. सौदा स्वस्त वाटला, पण गिरणी आतून पोखरलेली होती. यंत्रे कुजलेली, कामगार मिळेनासे, समभागांचे भाव कोसळलेले. बँकेने उधारी नाकारली. टाटांचे नावच पणाला लागले. तेव्हा त्यांनी कुटुंबासाठी केलेला विश्वस्तनिधी मोडला, एम्प्रेस मिलचे काही समभाग विकले आणि तो पैसा स्वदेशीत घातला. शिवाय नागपूरची निवडक माणसे कुर्ल्यात आणली. नऊ वर्षांत नागपूरने सुताखेरीज काय निर्माण केले होते, ते येथे दिसले. मालक स्वतःचे घर गहाण टाकल्यासारखा उभा आहे, हे दिसल्यावर त्या माणसांनीही हात आखडता घेतला नाही. स्वदेशी सावरली, तिचे सूत पूर्वेकडील बाजारात जाऊ लागले.

प्रत्येक लढाई मात्र जिंकली गेली नाही. पूर्वेकडे सूत नेणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीचे भाडे भारी, म्हणून जपानी कंपनीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःची जहाजे सुरू केली. प्रतिस्पर्ध्याने टनामागे 19 रुपयांचा दर दीड रुपयावर आणला. व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले आणि टाटांची जहाजसेवा बंद पडली. जमशेटजींनी ती वेळीच थांबवली.

आता पोलादाकडे परतू. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याचे लोहखनिज मोठ्या कारखान्यास पुरेसे नाही आणि जवळचा कोळसाही उपयोगी नाही, असे भूवैज्ञानिक वेल्ड यांना आढळले. हा नकार सरकारला कळवण्यासाठी जमशेटजींचे पुत्र दोराबजी नागपूरला गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे भिंतीवरच्या भूस्तरीय नकाशात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोहखनिजाच्या रंगात रंगवलेला त्यांनी पाहिला. नकार कळवून घरी परतण्याऐवजी त्यांनी शोध तसाच पुढे चालू ठेवला. तो दुर्गहून अखेरीस मयूरभंजच्या टेकड्यांपर्यंत पोहोचला.

19 मे 1904 रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे जमशेटजी निवर्तले. 1907 मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली, तिचे भांडवल सुमारे 8,000 भारतीयांनी पुरवले. 1912 मध्ये साकचीत पोलाद तयार झाले, आणि त्याच वर्षी तेथील कामगारांचा दिवस आठ तासांचा करण्यात आला.