सीताफळापासून कर्कपेशीपर्यंत

सीताफळ, रामफळ आणि हिरवा चाफा ही झाडे चिपळूणच्या परसांना परकी नाहीत. ती एकाच कुळातील आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आणि याच कुळाच्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास करणारी एक मराठी तरुणी पुढे भारतातील कर्करोग-संशोधनाची एक आधारस्तंभ ठरली, हे तर त्याहूनही थोड्यांना. त्या डॉ. कमल रणदिवे. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पेशींच्या केंद्रकाची चित्रे आज संगणक तपासू लागला असताना त्यांच्या चरित्राचे स्मरण केवळ उपचार म्हणून नव्हे, तर धडा म्हणून करणे अगत्याचे आहे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. कन्येने वैद्यक शिकावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये आलेल्या कमलताईंनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय पत्करले. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर शिक्षण संपण्याचा तो काळ. येथे मात्र पतीच्या साहाय्याने ते पुढे चालू राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय होता सीताफळाच्या कुळाचे पेशी-आनुवंशिकशास्त्र.

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे गुरू लाभले. भारतीय विकृतिशास्त्राची घडी बसविणाऱ्या या शिस्तप्रिय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्याचे तंत्र ज्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये प्रथम साध्य झाले, ती हीच. तेथे उतिसंवर्धन शिकून त्या मायदेशी परतल्या. परदेशी शिकणे ही तेव्हाही अपूर्वाई राहिली नव्हती. शिकलेले येथे आणून रुजविणे ही मात्र होती.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उतिसंवर्धनाची आणि प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या विविध वंशांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी व विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील कार्यासाठी १९६४ मध्ये त्यांना वाटुमल पारितोषिक मिळाले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली आणि १९८२ मध्ये शासनाने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

त्यांच्या हयातीत सूक्ष्मदर्शकामागे मुख्यतः मनुष्याचा डोळा होता. पेशीचे केंद्रक रंगविले की त्यातील एक द्रव्य रंग उत्सुकतेने शोषून घेते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी एकोणिसाव्या शतकात त्यास क्रोमॅटिन हे नाव दिले. मानवी पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळून मिलिमीटरच्या शतांशाहूनही लहान केंद्रकात बसविलेला असतो. कोठे तो घट्ट, कोठे सैल. सामान्यतः सैल भागातील जनुके कार्यरत असतात, घट्ट भागातील निद्रिस्त. कर्कपेशीत ही मांडणी बिघडते, केंद्रक मोठे व वेडेवाकडे होते. विकृतितज्ज्ञ हे अनुभवाने ओळखतो. परंतु दोन तज्ज्ञांचे मत नेहमी जुळतेच असे नाही. आता संगणक त्या चित्राचे असंख्य बिंदू करतो, प्रत्येकाची गडदता मोजतो आणि केंद्रकाचे क्षेत्रफळ, गोलाई व क्रोमॅटिनचा पोत आकड्यांत मांडतो.

ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु आकडा दिसला की तो सत्यच, हा समज घातक होय. एक छेद जाड व दुसरा पातळ असेल, रंग आज गडद आणि उद्या फिका बसला असेल, तर यंत्र रोगाचे नव्हे, रंगाचे मोजमाप करील. स्वच्छ काचपट्टी, एकाच रीतीने वाढविलेल्या पेशी, वंशावळ ठाऊक असलेले उंदीर आणि चुकता न चुकणारी नोंदवही या गोष्टी यंत्रासोबत खोक्यातून येत नाहीत. त्या माणसांनी वर्षानुवर्षे घडवाव्या लागतात. रणदिवेबाईंनी मुंबईत जे भांडवल उभे केले, ते मुख्यतः या जातीचे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत, यंत्र ही गुंतवणुकीची सोपी बाजू असते. कौशल्य ही दुष्कर. आपल्या अंदाजपत्रकांत मात्र सोपी बाजूच ठळक दिसते. उपकरणाच्या खरेदीला तरतूद होते. ते हाताळणाऱ्या प्रयोगशाळा-साहाय्यकाची जागा रिकामी राहते.

दुसरा धडा अधिक मोलाचा. १९७३ मध्ये कमलताईंनी सहकाऱ्यांसह भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना स्थापन केली. पुढे अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या कुपोषणाची पाहणी करण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. केंद्रकाच्या अंतरंगात आयुष्य घालविणाऱ्या या विदुषीला पाड्यावरचे उपाशी मूल परके वाटले नाही. संशोधन आणि समाजसेवा यांत निवड करावी लागते, हा भ्रम त्यांच्या आयुष्याने खोटा ठरविला.

चिपळूणच्या महाविद्यालयात कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून गुणसूत्रे पाहणारी विद्यार्थिनी याच परंपरेची वारसदार आहे. तिच्या घरात कोणी मिश्री लावणारी आजी असेल, तर कर्करोगाचा प्रश्न तिला पुस्तकात शोधावा लागणार नाही. तिच्यापुढे चांगला सूक्ष्मदर्शक असावा, तो दुरुस्त ठेवणारा हात असावा आणि परीक्षेपलीकडे पाहावयास शिकविणारा गुरू असावा, एवढी व्यवस्था समाजाने करावयास हवी. सीताफळाच्या पेशीपासून कर्कपेशीपर्यंत जाणारी वाट पुण्याहून निघू शकते. ती वाशिष्ठीच्या काठावरून निघू नये, याला निसर्गाने कोणतेही कारण दिलेले नाही.