राणीविरुद्धचा आरोपी : वासुदेव बळवंत फडके

आमच्या बालाघाटच्या संडे स्कूलच्या मोठ्या वर्गात गेल्या पावसाळ्यात एका मुलाने मला अडचणीत आणले. त्याच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात वासुदेव बळवंत फडके यांचे नाव एका ओळीत येऊन गेले होते. घरी आजोबांना विचारले तर त्यांनी सांगितले की त्या माणसाने दरोडे घातले होते. मग तो देशभक्त होता की दरोडेखोर, असे मुलाने मला विचारले. तो दिवस दहा आज्ञांपैकी आठव्या आज्ञेचा होता, त्यामुळे प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. पुढच्या रविवारी सांगतो म्हणून वेळ मारून नेली आणि आठवडाभर वाचत बसलो. त्या वाचनातून हा लेख झाला आहे. शिक्षक बंधुभगिनींना उपयोगी पडेल म्हणून देत आहे.

वासुदेवरावांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी झाला. जवळच कर्नाळ्याचा किल्ला आहे. पेशवाईच्या अखेरीस त्यांचे आजोबा तेथे किल्लेदार होते आणि १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. अंगणातून रोज दिसणारा तो सुळका आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतच हे मूल वाढले. तरी मोठेपणी त्यांनी इंग्रजांचीच नोकरी धरली. कल्याण-मुंबईला थोडे शिक्षण, रेल्वेत व इतरत्र थोडी कारकुनी, आणि मग पुण्याच्या लष्करी हिशोबखात्यात पुष्कळ वर्षे लेखणी. इथपर्यंत त्यांचे आयुष्य त्या काळच्या शेकडो कारकुनांसारखेच आहे.

पुढे आई आजारी पडल्याची बातमी आली. रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते गावी पोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धासाठी मागितलेल्या रजेलाही अडथळा आला. काही चरित्रकार सारे बंड या एका दुःखातून निघाले असे दाखवतात. मला ते पटत नाही. आईच्या शेवटच्या दिवशी हजर राहता आले नाही असे नोकरदार आपल्याही मंडळ्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी कोणी बंड केलेले नाही. मात्र त्या दिवसापासून साहेबाच्या टेबलाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली एवढे खरे. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि देशाचा पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो याचा हिशोब त्यांना कळू लागला. हिशोबखात्यातल्या माणसाला असा हिशोब लवकर समजतो. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि पुण्यात देशी शाळा उभी करण्याच्या कामात वामनराव भावे व लक्ष्मणराव इंदापूरकर यांना साथ दिली. गंजपेठेतल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा व तलवार शिकले. लहुजी मांग समाजाचे आणि वासुदेवराव कोकणस्थ ब्राह्मण. त्या काळच्या पुण्यात हे नाते साधे नव्हते, पण तालमीत ते जमले.

नंतर १८७६ चा दुष्काळ पडला. दख्खनात दोन वर्षे माणसे व गुरे पटापट मेली. वासुदेवराव गावोगाव हिंडून ते पाहत होते. ऐन त्याच वेळी, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीला मोठा दरबार भरून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले. दुष्काळी कामांवरच्या मजुरीत काटछाट करण्यासाठी सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना नेमले होते. खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे एक पौंड धान्य पुरते, या हिशोबाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्याच साली ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्या दुष्काळात अहमदनगरच्या बाजूला मिशनरी लोकांनी उपाशी माणसांना आधार दिला आणि आपल्यातल्या काही घराण्यांच्या आठवणी तिथूनच सुरू होतात, हे मी मान खाली न घालता सांगतो. पण धान्याचा तो हिशोब मांडणारे लोकही स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते, हेही मुलांपासून लपवू नये.

वासुदेवरावांनी प्रथम पुण्यातल्या शिकलेल्या व पैसेवाल्या लोकांकडे मदत मागितली. कोणी दिली नाही. मग ते रामोश्यांकडे वळले. पूर्वी किल्ल्यांची व गावांची राखण करणारा हा समाज इंग्रजी अमलात उपजीविकेला मुकला होता. दौलतराव नाईक, हरी नाईक असे गडी त्यांना मिळाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरकडच्या धामारी गावी पहिला छापा पडला आणि मग पुणे-साताऱ्याच्या मावळी भागात एकामागून एक छापे पडले. सावकारांच्या घरातला पैसा काढायचा, त्यावर फौज उभी करायची, तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे आणि सरकार उलथून स्वराज्य आणायचे, असा बेत होता. चार वर्षांपूर्वीच, १८७५ मध्ये, सुप्याला व आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. त्यामुळे सावकाराचे घर लुटले गेले तर गावात फारसे कोणी रडत नसे.

पण बेत साधला नाही. हाती येणारी लूट थोडी, वाटणीचे भांडण मोठे. सोबतच्यांना पैसा हवा होता आणि त्यांना राज्य हवे होते. एप्रिलमध्ये ते निराश होऊन श्रीशैलाला गेले आणि देवापुढे प्राण द्यावा असे त्यांच्या मनात आले. तेथेच त्यांनी आपली हकिकत लिहून काढली. कोणकोणते छापे घातले, काय मिळाले, कोण कसा वागला, आपण कोठे चुकलो, सारे त्यात आले. त्या कागदांबद्दल पुढे सांगायचे आहे.

मे महिन्यात दौलतराव नाईकांनी पनवेलजवळ पळस्पे येथे मोठा छापा घातला, पण परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि ते गोळीने ठार झाले. बंडाचा उजवा हात गेला. त्याच सुमारास वासुदेवरावांच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. कर कमी करा, लोकांना कामधंदा द्या, साहेबांचे पगार उतरवा, नाहीतर साहेबांना मारू, असा त्याचा आशय होता. तो लंडनपर्यंत गाजला. १३ मेच्या रात्री पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा पेटले, तेव्हा सर्वांनी फडक्यांचेच नाव घेतले. ती आग त्यांनी लावलेली नव्हती हे मागाहून उघड झाले. पण सरकार इतके घाबरले होते की रानड्यांसारख्या न्यायाधीशाचीही संशयाने धुळ्याला बदली झाली. छाप्यांपेक्षा या घबराटीने ते बंड मोठे दिसले, असे मला वाटते.

वासुदेवराव निजामाच्या मुलखात रोहिले व अरब लोकांची फौज जमवायला गेले. डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक त्यांच्या मागावर होते. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडच्या देवर नावदगी गावात, अंगात ताप असताना, एका देवळात झोपलेले ते सापडले. रोजनिशी आणि ती हकिकत सामानातच होती.

येथे थोडे थांबून कायद्याचे सांगतो, कारण मुलाच्या प्रश्नाची गाठ येथेच आहे. पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांच्यावर जो आरोप ठेवला गेला त्याचा गाभा राणीविरुद्ध लढाई करण्याच्या कटाचा होता, आणि त्याला दरोड्यांची जोड होती. राणीविरुद्ध लढाई हे कलम १८६० च्या पिनल कोडात १२१ व्या क्रमांकाला होते आणि त्याची शिक्षा फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी, शिवाय मालमत्तेची जप्ती अशी होती. हे शब्द मात्र १८६० चे नव्हते. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या वेळी, १३५२ मध्ये, राजद्रोह कशाला म्हणावे याचा एक कायदा झाला होता. राजाचा मृत्यू चिंतणे, त्याच्या राज्यात त्याच्याविरुद्ध लढाई करणे, त्याच्या शत्रूला मिळणे, अशी थोडी कलमे त्यात होती. त्यातले लढाईचे कलम पाचशे वर्षांनी समुद्र ओलांडून पुण्यात आले.

एडवर्डच्या कायद्यानंतर तीस वर्षांच्या आत, १३८१ मध्ये, इंग्लंडात शेतकऱ्यांचा उठाव झाला. जॉन बॉल नावाचा एक पाळक त्यात होता. आदाम व हव्वेच्या सर्व लेकरांमध्ये मूळचा धनी किंवा गुलाम कोणी नाही, असे तो चव्हाट्यावर शिकवीत असे. त्याला पकडून सेंट ऑल्बन्सला मुख्य न्यायाधीश ट्रेझिलियन याच्यापुढे उभे केले आणि १५ जुलैला चौदा वर्षांच्या राजाच्या देखत हालहाल करून मारले. सात वर्षांनी राजाची बाजू घसरली, तेव्हा तोच ट्रेझिलियन स्वतः राजद्रोही ठरून फासावर गेला. पुढे १४१४ मध्ये विक्लिफच्या अनुयायांपैकी सर जॉन ओल्डकॅसल यांनीही बंड केले. तेही पकडले गेले आणि १४१७ मध्ये त्यांना टांगून जाळण्यात आले. आपण ओल्डकॅसलांना हुतात्म्यांत मोजतो. राजाच्या दफ्तरात ते बंडखोरच आहेत.

त्या जुन्या राजदरबारी खटल्यांत आणि पुण्यातल्या खटल्यात एक मोठा फरक होता. इंग्लंडात राजद्रोहाच्या आरोपीला वकील देऊन बचाव करण्याचा हक्क १६९६ पर्यंत नव्हता. वासुदेवरावांना तो होता, पण वकीलपत्र घेण्याची छाती कोणाला होईल हा प्रश्न होता. ती गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी दाखवली. दिल्लीच्या त्या दरबारात हातसुताची खादी घालून गेलेले ते हेच काका. सेशन्स कोर्टात महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाचे काम केले. ज्या शहरातली वर्तमानपत्रे व पुढारी या बंडाशी आपला संबंध नाही असे पुनःपुन्हा जाहीर करीत होते, त्या शहरात हे दोघे उघडपणे आरोपीच्या बाजूला उभे राहिले. मला या सबंध चरित्रात हा भाग फार आवडतो. आरोपीचे सर्व मत मान्य असल्याशिवाय त्याच्या शेजारी उभे राहता येत नाही, ही समजूत आपल्या मंडळ्यांतही आहे.

पुराव्यात सर्वांत जड ठरले ते आरोपीचे स्वतःचे लिखाण. त्याचे इंग्रजी भाषांतर कोर्टापुढे आले. ते कागद त्यांनी वाटेत जाळून टाकले असते तर काय झाले असते? दरोड्याचे साक्षीदार होतेच, आणि दरोड्यालाही कायद्यात जन्मठेप सांगितलेली होती. म्हणजे शिक्षा कदाचित तेवढीच झाली असती, पण दफ्तरात त्यांची नोंद दरोडेखोर अशी राहिली असती. ज्या लिखाणाने त्यांना राणीचा शत्रू ठरवले, त्यानेच ते पैशासाठी लुटणारे नव्हते हे सिद्ध केले. सरकारी वकिलाला एक गोष्ट शाबीत करताना दुसरीही शाबीत करावी लागली.

म्हणून मुलाला मी असे सांगितले. छापे घातले गेले, लोकांची घरे लुटली गेली, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना ते दुखलेच. आठवी आज्ञा त्या दिवशी रजेवर नव्हती. आणि सरकारनेच, राणीच्या नावाने, खुल्या कोर्टात, हे दरोडे नसून लढाई आहे असे म्हटले. त्याने विचारले की मग दुष्काळात धान्य कमी करणाऱ्या साहेबावर कोणत्या कलमाखाली खटला झाला? कोणत्याच नाही, असे मला म्हणावे लागले. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

नोव्हेंबर १८७९ मध्ये न्यायाधीश कीझर यांनी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. हायकोर्टात अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून थोडा आसरा देणारा कायदाही केला. बंड, खटला आणि हा कायदा एकाच वर्षातले आहेत.

जानेवारी १८८० मध्ये त्यांना बोटीने एडनला नेले. अंदमानात निदान आपल्या देशाचे कैदी असत, एडनला भाषा कळणारेही थोडे. ऑक्टोबरमध्ये एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले, भिंत ओलांडली आणि ते उघड्या वाळवंटात धावत सुटले. काही तासांतच ते पकडले गेले. त्यानंतर बेड्या वाढल्या. क्षयाने शरीर खंगत गेले, अन्नावरची वासना त्यांनी सोडली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे प्राण गेले. वय सदतीस वर्षांचे होते. शिरढोणला त्यांचे घर आहे, मुंबईत मेट्रो सिनेमापुढच्या चौकाला त्यांचे नाव आहे, आणि १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला ते तिकीट कोठे मिळेल हे मी अजून शोधतो आहे. कोणा वाचकाच्या संग्रही जादा असेल तर संपादकांकडे पाठवावे, ही विनंती.