रॉबर्ट स्टीफन्सन

आगगाडीचें इंजिन म्हटलें कीं जॉर्ज स्टीफन्सनचें नांव आठवतें. त्याचा मुलगा रॉबर्ट हाहि बापाच्या तोडीचा इंजिनिअर होता. त्याचा जन्म १६ ऑक्टोबर १८०३ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसल शहराजवळ झाला. तो अडीच वर्षांचा असतांच त्याची आई वारली. बाप कोळशाच्या खाणीवर यंत्र चालवी. त्याला स्वतःस मोठेपणीं अक्षरओळख झाली होती. म्हणून पोटास चिमटा घेऊन त्यानें मुलास चांगल्या शाळेंत घातलें. मुलगा दिवसा जें शिके, तें रात्रीं बापासहि शिकवी.

पुढें १८२९ सालीं त्याच्या कारखान्यांतील ‘रॉकेट’ इंजिनानें शर्यत जिंकली आणि त्याची कीर्ति पसरली. परंतु १८४७ च्या मे महिन्यांत चेस्टर येथें डी नदीवरील त्याच्या पुलाची ओतीव लोखंडाची तुळई मोडून गाडी खालीं कोसळली व पांच माणसें प्राणांस मुकलीं. हा घाव त्याच्या जिव्हारीं लागला.

त्याच वेळीं वेल्स व अँगल्सी बेट यांमधील मेनाई सामुद्रधुनीवर ‘ब्रिटानिया’ पुलाचें काम त्याच्या हातीं होतें. खालून जहाजें जावयाचीं असल्यामुळें कमानीस परवानगी नव्हती. तेव्हां घडीव लोखंडाच्या पत्र्यांची प्रचंड चौकोनी नळी करून तींतून गाडी न्यावी, असें त्यानें योजिलें. आधीं लहान नमुने मोडून पाहिले, मगच काम हातीं घेतलें. नळी वर चढवितांना ती जसजशी उचलेल तसतसा खालीं भक्कम आधार रचीत जावा, अशी त्याची सक्त ताकीद होती. १८४९ च्या ऑगस्टांत पाण्याच्या दाबाचें यंत्र फुटलें, तेव्हां त्या आधारामुळेंच नळी केवळ नऊ इंच खालीं आली.

याहून सूक्ष्म अडचण उन्हाची होती. लोखंड उष्णतेनें वाढतें व थंडीनें आखडतें. प्रत्येक नळी १,५११ फूट लांब. तिच्या अर्ध्या भागाची लांबीहि ५० अंश फॅरनहाइट फरकानें सुमारें तीन इंच बदलते. दोन्ही टोकें जखडलीं असतीं, तर त्या जोरानें दगडी बांधकामास धोका होता. म्हणून नळी मधल्या बुरुजावर घट्ट बसवून इतर ठिकाणीं ती लोखंडी रोलरांवर टेकविली. पोळपाटावर लाटणें फिरावें तसे ते रोलर फिरत. घर्षण थोडें होई आणि नळी निमूटपणें सरके. ५ मार्च १८५० रोजीं स्टीफन्सननें शेवटचा रिव्हेट बसविला.

आपल्या मुंबईशींहि त्याचा संबंध आला. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास गेली, तिचा तो सल्लागार इंजिनिअर होता. सरदारकीचा मान त्यानें नाकारला. १२ ऑक्टोबर १८५९ रोजीं तो वारला; वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याची समाधि आहे.

१९७० सालच्या आगीनें त्या नळ्या निकामी झाल्या. आज त्याच बुरुजांमधून पोलादी कमानींवरून गाडी जाते. आतां मोठ्या पुलांच्या तुळयांखालीं रोलरांऐवजीं बहुधा रबराच्या किंवा टेफ्लॉनच्या गुळगुळीत बैठका असतात. परंतु तत्त्व तेंच आहे. जें भक्कम करावयाचें त्यास हलावयास जागा ठेवावी लागते. विद्यार्थिमित्रहो, अपयशानें खचून न जातां अधिक सावध झालेल्या या पुरुषाचें चरित्र आपण ध्यानीं ठेवावें.