जखमींकडे धावलेले डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

गावात आग लागली की आपण १०१ हा क्रमांक फिरवतो. थोड्याच वेळात घंटा वाजवत आगीचा बंब येतो. रस्त्यावर अपघात झाला तर १०८ क्रमांकावर फोन केला जातो आणि रुग्णवाहिका धावत येते. बंबावरचे जवान आग विझवतात, पण तेवढ्यावर त्यांचे काम संपत नाही. धुरात गुदमरलेल्या माणसाला ते बाहेर काढतात आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्यावर प्रथमोपचार करतात. रुग्णवाहिकेतले डॉक्टर जखमीचे रक्त थांबवतात आणि त्याचा श्वास चालू ठेवतात. या दोघांच्या कामामागे एकच नियम आहे. संकटात सापडलेला माणूस मदतीपर्यंत येऊ शकत नाही, म्हणून मदतीनेच त्याच्यापर्यंत गेले पाहिजे आणि तेही वेळेवर.

हे काम शिकावे लागते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघे गावाहून नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. तेथे १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले अधिकारी तेथे प्रशिक्षण घेतात. तुमच्यापैकीही कोणी पुढे बंबावर किंवा रुग्णवाहिकेवर काम करील. त्या कामासाठी कोणते गुण लागतात, हे समजून घ्यायचे असेल तर एका मराठी डॉक्टरांचे चरित्र वाचले पाहिजे. त्यांच्या काळात असे प्रशिक्षण सहज मिळत नव्हते. ते रणांगणावर जखमींची सेवा करता करता शिकले. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर हे त्या वेळी कापडगिरण्यांचे गाव होते. तेथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत. कोटणीसांचे कुटुंब मोठे आणि परिस्थिती बेताची होती. द्वारकानाथ अभ्यासात हुशार होते. शाळेचे शिक्षण संपल्यावर ते वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला गेले. परळच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढे शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण घेण्याची त्यांची तयारी चालू होती. मुलगा शिकला, आता घराला आधार होईल, अशी आशा वाटण्याचा तो काळ होता.

याच सुमारास चीनवर मोठे संकट आले. १९३७ सालच्या जुलै महिन्यात जपानने चीनवर मोठा हल्ला केला. शहरांवर बाँब पडू लागले. हजारो माणसे मेली आणि त्याहून कितीतरी अधिक जखमी झाली. चीनकडे डॉक्टर फार थोडे होते. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. त्या वेळी भारत स्वतःच इंग्रजांच्या ताब्यात होता. तरीही राष्ट्रीय सभेने ही विनंती मान्य केली. १९३८ साली सभेचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. लोकांनी वर्गणी दिली आणि वैद्यकीय पथक पाठवण्याचे ठरले.

पथकात जाण्यासाठी कोटणीसांनी आपले नाव दिले. घरच्यांची परवानगी त्यांनी मागितली आणि ती मिळवली. विचार करा, उच्च शिक्षण अर्धे राहणार होते, कमाईचे दिवस लांबणार होते, आणि ज्या देशात जायचे होते तेथे लढाई चालू होती. तेथे ओळखीचे कोणी नव्हते आणि भाषाही येत नव्हती. तरीही जायचेच, असा निश्चय त्यांनी केला. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदन अटल प्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे बाकीचे चौघे. म्हणजे आपल्या विदर्भातील एक डॉक्टरही या पथकात होते, हे ध्यानात ठेवा. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून आगबोटीने निघाले. त्यांच्याबरोबर औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि एक रुग्णवाहिका होती.

चीनमध्ये पोहोचल्यावर पथकाने आधी हांकौ आणि इतर शहरांतील रुग्णालयांत काम केले. शत्रू पुढे सरकत होता आणि रुग्णालयेही जागा बदलत होती. अखेर लांबचा खडतर प्रवास करून १९३९ सालच्या फेब्रुवारीत पथक येनान या गावी पोहोचले. माओ त्से तुंग आणि त्यांचे सहकारी तेथे राहून लढा चालवत होते. बाँबपासून वाचण्यासाठी लोक डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत. रुग्णालयही गुहांतच होते.

चीनमध्ये असताना कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. परक्या मुलखात, घरापासून हजारो मैल दूर, ते दुःख त्यांनी सोसले. त्या वेळी ते परत आले असते, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र काम सोडले नाही. पुढे पथकातील सहकारी एकेक करून परतू लागले. मुखर्जी आणि चोळकर भारतात आले, नंतर अटलही आले. बसू काही वर्षे येनानमध्ये राहून मग परतले. कोटणीस मात्र आघाडीकडेच गेले. १९३९ सालच्या अखेरीस ते उत्तर चीनमधील वुताई पर्वताच्या परिसराकडे निघाले. तेथे शत्रूच्या ठाण्यांमधून वाट काढत लढाई चालू होती.

या भागात त्यांच्याआधी नॉर्मन बेथ्यून नावाच्या एका कॅनडियन डॉक्टरांनी काम केले होते. त्यांचा विचार साधा होता. जखमी माणूस डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत वाट पाहत बसायचे नाही, डॉक्टरांनीच जखमीकडे जायचे. कारण जखमीचा खरा शत्रू वेळ हा असतो. रक्त वाहत राहिले तर माणूस काही मिनिटांत मरू शकतो. जखम बराच वेळ उघडी राहिली तर तिच्यात जंतू वाढतात आणि विष अंगात पसरते. त्या काळी तेथे पेनिसिलिनसारखे औषध मिळत नव्हते. म्हणून जखम लवकर धुणे, मेलेला भाग कापून काढणे आणि रक्त थांबवणे, हाच उपाय होता. खुद्द बेथ्यून यांनाही शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखमेत विष झाले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. त्यांची रिकामी जागा भरून काढण्याचे काम कोटणीसांवर आले.

आता त्या आघाडीवरचे काम कसे होते, याची कल्पना करून पाहा. रुग्णालय म्हणजे कधी एखादे देऊळ, कधी शेतकऱ्याचे घर. औषधे आणि हत्यारे खेचरांच्या पाठीवर लादून नेलेली. गावकरी जखमींना डोलीत घालून डोंगरवाटांनी आणत. डॉक्टरांनी आधी सगळ्यांवर नजर फिरवायची. कोणाला क्षणभरही थांबता येणार नाही आणि कोण थोडा वेळ थांबू शकतो, हे ठरवायचे. जो मोठ्याने ओरडतो तोच सर्वांत जास्त जखमी असतो असे नाही. कधी कधी गप्प पडलेल्यालाच आधी मदत लागते. आजही मोठ्या आगीत किंवा अपघातात सुटका करणारे लोक हेच करतात.

१९४० साली तेथे मोठी लढाई झाली. कोटणीस आघाडीजवळच राहिले. एका वेळी तर सलग बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, ते झोप न घेता शस्त्रक्रिया करत होते. या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. असे काम केवळ धाडसाने होत नाही. हात थकले तरी ते थरथरू न देण्याची सवय आणि मन शांत ठेवण्याची शिस्त त्याला लागते.

त्यांचे आणखी एक काम तुम्ही विशेष लक्ष देऊन वाचा. कोटणीसांना चिनी भाषेचे एक अक्षरही येत नव्हते. पण जखमी माणूस आपले दुखणे आपल्याच भाषेत सांगतो. कोठे दुखते, पाय हलतो का, तहान लागली आहे का, हे दुभाष्यामार्फत विचारत बसले तर वेळ जातो. शिवाय घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेतला एक शब्द ऐकूनही धीर येतो. म्हणून कोटणीसांनी चिनी भाषा बोलायला शिकून घेतली आणि लिहायला वाचायलाही शिकली. काही काळातच ते वैद्यकीय शाळेत चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले. शस्त्रक्रियेवरचे पुस्तकही त्यांनी चिनी भाषेत लिहायला घेतले. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. उद्या तुमच्यापैकी कोणी जखमीजवळ बसून त्याच्याच बोलीत त्याची विचारपूस केली, तर या अभ्यासाचे मोल तुम्हांला कळेल.

१९४१ सालच्या जानेवारीत डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. जखमींची सेवा करायची आणि नवे डॉक्टर व परिचारिका घडवायच्या, अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी उचलली. एक माणूस शेकडो जखमींना वाचवू शकतो. पण त्याने शिकवलेले लोक हजारोंना वाचवतात, हे त्यांनी ओळखले होते. चिनी लोक त्यांना के दिहुआ या नावाने ओळखत.

तेथेच क्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांची ओळख झाली. १९४१ सालच्या नोव्हेंबरात दोघांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. चिनी भाषेत यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देश एका छोट्या नावात एकत्र आले.

पण हे सुख फार दिवस टिकले नाही. अपुरे अन्न, थंडी आणि विश्रांतीशिवाय चाललेले काम यांमुळे कोटणीसांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे झटके येऊ लागले. तरीही ते शिकवत होते, रोग्यांना तपासत होते आणि पुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांनी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय फक्त बत्तीस वर्षे होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पुस्तक अपुरे राहिले. पाच डॉक्टर गेले होते, त्यांपैकी चार परत आले. कोटणीस परत आले नाहीत.

चीनने त्यांना विसरले नाही. शिजियाझुआंग शहरातील हुतात्म्यांच्या स्मारकात त्यांची समाधी आहे आणि तेथे बेथ्यून यांचीही आठवण जपलेली आहे. भारतात उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले. त्यावरून मराठी दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला आणि डॉक्टरांची भूमिका स्वतःच केली. एका मराठी डॉक्टरांचे जीवन देशभर पोहोचवण्यासाठी उर्दूचा लेखक आणि मराठी दिग्दर्शक एकत्र आले, ही गोष्ट आपल्याला आनंद देणारी आहे. सोलापुरात कोटणीसांच्या जन्मघरी आता स्मारक उभे आहे.

मित्रांनो, कोटणीसांनी बंदूक हातात घेऊन कोणाला मारले नाही. तरीही ते शूर होते. शौर्य म्हणजे केवळ धोक्यात उडी मारणे नव्हे. धोक्याच्या जागी पोहोचून शांतपणे आपले काम नीट करणे, हे खरे शौर्य आहे. त्यासाठी आधी शिकावे लागते, शरीर सोशिक बनवावे लागते आणि दुसऱ्याची भाषा आपलीशी करावी लागते. तुम्ही डॉक्टर व्हा, परिचारिका व्हा किंवा अग्निशमन दलाचे जवान व्हा, हे लक्षात असू द्या. आजपासून एवढे तरी करता येईल : प्रथमोपचार शिका, १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ ठेवा, आणि कोणी जखमी दिसला तर नुसती गर्दी न करता त्याच्यासाठी मदत बोलवा. मदत वेळेवर पोहोचली तर एक जीव वाचतो, आणि सोलापूरच्या त्या तरुण डॉक्टरांनी आपले सारे आयुष्य त्यासाठीच वेचले.